हूं म्हणणारं माणूस

ताई, मी सत्तावीस वर्षांची, चिपळूणला एका पतसंस्थेत काम करते. आजोळ कुडाळजवळचं. मे महिन्यात आम्ही सात भावंडं तिथे जमायचो. रात्री लाईट गेली की आजी गोष्ट सांगायची आणि मधेच दटावायची, "हूं म्हणा रे, नायतर गोष्ट वाट चुकतली." मी अकरा वर्षांची असताना आजीला अर्धांगवायू झाला, तिची वाचा गेली. त्या वर्षीपासून गोष्टी मी सांगायला लागले. परसातल्या विहिरीच्या तळाशी एक राज्य आहे, ही गोष्ट मी चार उन्हाळे पुरवली. धाकट्या मामेभावाने एकदा विचारलं, पाण्याखाली चूल कशी पेटते? मी म्हटलं, तिथे विस्तव नसतोच. भर दुपारी ऊन विहिरीत सरळ खाली उतरतं, तेव्हा तिथल्या बायका ते कळशीत भरून ठेवतात.

मला अद्भुतकथा लिहायच्या आहेत, कॉमिक्स लिहायची आहेत. त्या राज्याच्या सहा वह्या भरल्यात: नकाशे, राजांच्या वंशावळी, लिपी, सणवार. पण कादंबरीची पहिली बारा पानं मी नऊदा लिहिली आणि तेरावं पान एकदाही आलं नाही. चित्र मला अजिबात काढता येत नाही. एका प्रकाशकांकडे ती बारा पानं पाठवली होती, दीड वर्षात काहीच उत्तर नाही. बाबा म्हणतात, पोरांच्या गोष्टींवर घर चालत नाही. नोकरी सोडून वर्षभर फक्त लिहून बघू का? आणि लिहू ते मराठीत की इंग्रजीत?

– गोष्टीवेल्हाळ, चिपळूण

प्रिय गोष्टीवेल्हाळ,

तुझं पत्र वाचताना मी कळशीत भरलेल्या उन्हापाशी थांबले आणि बराच वेळ पुढे गेलेच नाही. सहा वह्यांतलं एकाही राजाचं नाव तू मला कळवलं नाहीस, पण कळशी मात्र कळवलीस. ती कोणत्याही वहीत सुचलेली नाही. अंधारात एका पोराने प्रश्न विचारला, सहा जण उत्तराची वाट बघत होते आणि तुला त्याच घटकेला काहीतरी बोलणं भाग होतं, म्हणून ती आली.

तेरावं पान का येत नाही, हे तुझ्या आजीने केव्हाच सांगून ठेवलंय. हूं म्हणणारं कोणी उरलं नाही आणि गोष्ट वाट चुकली.

तुझ्या लक्षात आलंय का, की त्या चार उन्हाळ्यांत तुला समोरच्यांचे चेहरे दिसतच नव्हते? लाईट गेलेली असायची. तू सगळं कानांनी ओळखायचीस. कोणाचं हूं लांबलं, कोणाचं तुटक झालं, कोण कुशीवर वळलं, कोणाचा श्वास अडकला. त्यावरून तू ठरवायचीस की राक्षस आत्ता दारात आणायचा की अजून थोडा वेळ नदीपलीकडे ठेवायचा. हे शिक्षण सहजी मिळत नाही. मी अनेक वर्षं लहान मुलांच्या दिवाळी अंकाचं संपादन केलंय, शेकडो गोष्टी वाचल्यात. भाषा उत्तम, कल्पना नवी, आणि तरी तिसऱ्या परिच्छेदात मूल उठून निघून जाईल, हे वाचतानाच कळतं. कारण लिहिणाऱ्याने मूल उठून जाताना कधी बघितलेलंच नसतं. तू बघितलंयस, किंवा ऐकलंयस. आता तुझी अडचण एवढीच, की तू टेबलाशी एकटी बसतेस आणि वही काही हूं म्हणत नाही.

वंशावळी लिहिताना कंटाळा येत नाही, कारण तिथे दुसऱ्या कोणाला कंटाळा येण्याची भीती नसते. मी त्या वह्यांना नावं ठेवत नाही. पण जग रचणं आणि गोष्ट सांगणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि पहिलं काम कितीही केलं तरी दुसरं त्यातून आपोआप होत नाही.

तुला एक घर दाखवते. इंग्लंडमध्ये यॉर्कशरमधल्या हॉवर्थ गावात एका पाद्र्याची आई नसलेली चार मुलं होती. जून १८२६ मध्ये वडिलांनी मुलासाठी बारा लाकडी शिपायांची पेटी आणली. चौघांनी एकेक शिपाई उचलला, त्याला नाव दिलं आणि त्यांच्यासाठी एक अख्खं शहर वसवलं. सगळ्यात मोठी शार्लट ब्रॉंटे तेव्हा दहा वर्षांची आणि धाकटी ॲन सहाची. पुढे त्यांनी त्या शिपायांना वाचता येतील एवढी चिमुकली पुस्तकं केली. घरातल्या रद्दी कागदाचे तुकडे कापून, सुईदोऱ्याने शिवून, आगपेटीहूनही लहान. १८३० सालचं शार्लटचं असं एक मासिक २०१९ मध्ये हॉवर्थच्या संग्रहालयाने पॅरिसच्या लिलावात सहा लाख युरोंना परत मिळवलं. वीस पानांत चार हजारांवर शब्द आहेत त्यात.

किमतीसाठी हे सांगत नाहीये. ते मासिक पुरं केलेलं आहे. त्यात गोष्ट आहे, जाहिराती आहेत, शेवटचं पान आहे. त्या पोरांचं काल्पनिक जग तुझ्या राज्याएवढंच अवाढव्य होतं, त्यांचेही नकाशे आणि लढाया होत्या, पण दर खेपेला एक छोटी वस्तू शिवून पुरी व्हायची आणि बाकी तिघांच्या हातात पडायची. वाचक घरातच बसलेले होते. वयाच्या तेविसाव्या वर्षाच्या सुमाराला शार्लटने त्या जगाचा लेखी निरोप घेतला. तिथल्या सततच्या भडक सूर्यास्तातून बाहेर पडून जिथे पहाट करडी आणि थंड उगवते अशा मुलखात मला जायचंय, अशा आशयाचं ती लिहिते. १८४६ मध्ये तिघी बहिणींनी पदरच्या पैशाने कविता छापल्या, त्याच्या वर्षभरात दोन प्रती खपल्या. पुढच्याच वर्षी शार्लटची कादंबरी आली आणि इंग्लंडभर गाजली. दोन प्रतींच्या त्या वर्षातही त्या थांबल्या नाहीत, याचं मला नेहमी वाटतं ते कारण असं, की लहानपणापासून गोष्ट पुरी करण्याची त्यांना सवय लागली होती.

म्हणून पहिलं सांगणं: कादंबरी बाजूला ठेव. वह्या कपाटात ठेव, कुलूप लाव हवं तर. आठ पानांची एक गोष्ट लिही, तीही कळशीची.

आता त्या कळशीकडे जरा नीट बघू. तू म्हणालीस, भर दुपारी ऊन विहिरीत सरळ उतरतं. तुझं आजोळ साधारण सोळा अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे सूर्य वर्षातून दोनदाच नेमका डोक्यावर येतो, मेच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टमध्ये, पहिला आठवडा सरता सरता. त्या दिवशी साडेबाराच्या सुमारास उभ्या काठीची सावली नाहीशी होते आणि खोल विहिरीच्या तळापर्यंत ऊन पोचतं. तू अकरा वर्षांची असताना हे शिकलेली नसणार. पण मे महिन्यात त्या विहिरीत वाकून तू ते ऊन पाहिलं असणार, आणि डोळ्यांना जे दिसलं ते गोष्टीत आलं.

पुढचा हिशेब तूच कर. ऑगस्टमध्ये कोकणात आभाळ भरलेलं. म्हणजे विहिरीतल्या राज्याला उन्हाचं पीक वर्षातून एकदाच, मेमध्ये. थोडक्या दिवसांच्या, थोडक्या मिनिटांच्या उन्हावर वर्ष काढायचं. मग कळशा मोजून वाटायला कोणीतरी हवं. कोणाच्या तरी घरात लहान बाळ असणार, त्याला जास्त ऊब लागणार. कोणीतरी कळशी चोरणार. आणि एखाद्या वर्षी नेमक्या त्या दिवशी वळवाचे ढग आले तर? किंवा वर, माणसांच्या जगात, मामाने पोरं पडतील म्हणून विहिरीवर पत्रा टाकला तर? पत्रा टाकणारा मामा वाईट नाही, त्याला खाली कोणी राहतं हे ठाऊकच नाही. बघ, वंशावळीतला एकही राजा न वापरता गोष्ट उभी राहिली. अद्भुतात काय काय करता येतं याच्यापेक्षा काय करता येत नाही, तिथे गोष्ट असते. वेताळाचंच घे. राजा बोलला तर प्रेत पुन्हा झाडावर, आणि उत्तर ठाऊक असून गप्प राहिला तर डोक्याची शकलं. दोन्हीकडून कोंडी. एवढ्या एका अटीवर अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या 'कथासरित्सागर' या ग्रंथातल्या पंचवीस गोष्टी चालल्या आणि चांदोबाच्या पानांवरून तुझ्या-माझ्या घरापर्यंत आल्या.

तुझ्या आजोळापासून वेंगुर्ल्याकडे गेलं की आरवलीचा वेतोबा आहे. तू गेली असशील. त्याला केळ्यांचे घड वाहतात आणि चामड्याच्या मोठाल्या चपला वाहतात. का, तर तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात. मला या श्रद्धेतलं ते झिजणं फार मोलाचं वाटतं. देव रात्री फिरतो, एवढंच कोणी सांगितलं असतं तर ऐकून मान डोलावली असती. चपला झिजतात म्हटल्यावर त्याच्या पायाखालचे खडे टोचायला लागतात. अद्भुत लिहिणाऱ्याने अशा झिजलेल्या चपला शोधायच्या. तुझ्या मुलखात राखणदार आहेत, देवचार आहेत, गाऱ्हाणी आहेत, ज्यांत एक जण मागणं मांडतो आणि बाकीचे "होय म्हाराजा" म्हणतात. तेही एक प्रकारचं हूंच की. परदेशी कादंबऱ्यांतले किल्ले आणि बर्फ वाचायला मलाही आवडतात. पण तुझ्या विहिरीला शेवाळ आहे, रहाट आहे, पोहऱ्याचा आवाज आहे, आणि हे तुला कोणाला विचारून लिहावं लागणार नाही.

चित्र अजिबात काढता येत नाही, असं लिहिलंस. मग कॉमिक्सचं काय? यावर मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण या गैरसमजापायी कितीतरी जणींनी लेखणी खाली ठेवलेली मी पाहिलीय.

तुझ्या आजोळी, कुडाळला लागूनच पिंगुळी आहे. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी जपली. २०२१ मध्ये तिथल्या परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा तिचं नाव पेपरात झळकलं, पण कला शतकांची जुनी आहे. रामायण-महाभारतातल्या एकेका आख्यानाची सुट्या चित्रांची पोथी असते. कथेकरी एक चित्र समोर धरतो, वीणा, टाळ, हुडुकाच्या साथीने त्या चित्राचा प्रसंग गाऊन-बोलून सांगतो, मग पुढचं चित्र. जुन्या पोथ्यांत दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असायची. एकदा जाऊन बस तिथे, आणि चित्राकडे नंतर बघ. आधी हाताकडे बघ. तो हात चित्र कधी बदलतो? आवाज चढवून, एका वाक्यावर लोकांना टांगून ठेवून मगच. कॉमिक्स लिहिणाऱ्याचं काम त्या हाताचं आहे. किती वेळ हे चित्र समोर राहील, कोणत्या शब्दावर ते बदलेल आणि बदलल्यावर समोर काय असेल, हे ठरवायचं. रेघ मारायला दुसरा माणूस असतो.

कॉमिक्सची संहिता वाचक कधीच वाचत नाही, वाचतो तो चित्रकार. ते त्याला लिहिलेलं पत्र आहे. म्हणजे तुला इथे आयताच एक ऐकणारा मिळतो! त्याला सांग: पान पहिलं, चौकट पहिली, विहिरीचा काठ वरून दिसतो, पत्र्याची कड अर्ध्या तोंडावर सरकलीय, खाली पाण्यात उन्हाची एक पट्टी. चौकट दुसरी, खालून वर, मुलीच्या चेहऱ्यावर तीच पट्टी, बोटाएवढी बारीक. तिने रिकामी कळशी धरलीय. एका चौकटीत एकच क्षण मावतो, हे सुरुवातीला सगळ्यांना जड जातं. "ती उठली, कळशी घेतली आणि धावत सुटली" हे वाक्य आहे, चित्र नाही. त्याची तीन चित्रं होतात, आणि त्यातलं कोणतं एक दाखवलं की उरलेली दोन वाचणारा मनात काढेल, हे तू ठरवायचं. पानाला चार ते सहा चौकटी धर.

छापील पुस्तकात विषम आकड्याचं पान उजवीकडे येतं. वाचणारा तिथून पान उलटतो. म्हणून उत्कंठेची चौकट तिसऱ्या किंवा पाचव्या पानाच्या तळाशी, आणि धक्का चौथ्या किंवा सहाव्या पानाच्या माथ्यावर. धक्का समोरच्याच पानावर ठेवलास तर डोळा आधीच तिथे जाऊन येतो आणि सगळी मजा जाते. आजी जिथे पाण्याचा घोट घ्यायला थांबायची ना, तिथे पान उलटायचं.

संवादाच्या फुग्यात शब्द फार भरू नकोस. देवनागरीला वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार असतात, दोन ओळींत जागा सोडावी लागते, त्यामुळे आपला फुगा लवकर फुगतो आणि चित्र झाकतो. वीस-पंचवीस शब्दांच्या वर गेलीस की वाक्य मोड. निवेदनाच्या चौकटीत चित्रात दिसतंय तेच पुन्हा लिहू नकोस. आणि आवाज! इंग्रजीत ठराविक चार-सहा आवाज घासून गुळगुळीत झालेत. आपल्याकडे पोहरा बुडतो तो बुडूक, दोर सुटतो तो सर्रकन, साप जातो तो सुळकन, नारळ पडतो तो धप्पकन, मडकं फुटतं ते फटकन आणि काच खळ्ळकन. तापल्या तव्यावर पाणी चर्र करतं. अशी भाषा हाताशी असताना मराठी चित्रकथांत आयात केलेले आवाज दिसले की माझा जीव तुटतो.

आठ पानं का म्हणते, तर छपाईचा फर्मा, म्हणजे एकदम छापून घडी घातला जाणारा पानांचा गठ्ठा, आठ-सोळाच्या हिशेबात असतो. आठ पानांची गोष्ट कुठल्याही अंकात बसवता येते. आणि चित्रकाराला आठ पानं झेपतात. तू आठ पानं दोन आठवड्यांत लिहिशील, त्याला ती काढायला दोन महिने लागतील, हे विसरू नकोस. नवख्या लेखकांकडून चित्रकारांवर होणारा हा मोठा अन्याय आहे: "कल्पना माझी, तू फक्त चित्रं काढ." ते "फक्त" मनातूनसुद्धा काढून टाक. चिपळूणपासून जवळ सावर्ड्याला चित्रकलेचं महाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थ्यांची प्रदर्शनं बघ, ज्याच्या रेषेत तुला तुझी विहीर दिसेल त्याच्याशी बोल, आणि पहिल्याच दिवशी कागदावर ठरव की नाव दोघांचं आणि मिळेल ते अर्धं-अर्धं. त्याला संहितेसोबत काडीच्या माणसांचा कच्चा आराखडा दे. काडीची माणसं तुलाही येतात. त्यावरून कोण कुठे उभं आहे आणि फुगा कुठे मावेल एवढं कळलं की पुरे.

अमेरिकेत क्लीव्हलंडच्या एका शाळेत असेच दोघं होते, जेरी सीगल आणि जो शुस्टर, दोघं १९१४ मध्ये जन्मलेले. जेरी लिहायचा, जो काढायचा. सुपरमॅन त्यांनी विशीच्या आत रचला आणि पुढची काही वर्षं तो साभार परत येत राहिला. १९३८ मध्ये एकदाचा छापून आला, पण त्यासाठी त्यांनी १३० डॉलर घेऊन सगळे हक्क लिहून दिले. त्या पात्रावर दुसऱ्यांनी अफाट पैसा केला, आणि हे दोघं म्हातारपणी तंगीत. १९७५ मध्ये बरीच ओरड झाल्यावर कंपनीने दोघांना वर्षाला प्रत्येकी वीस हजार डॉलर निवृत्तिवेतन सुरू केलं आणि त्यांची नावं पुन्हा छापायला घेतली.

म्हणून सही करण्याआधी वाचायचं. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. लिहिल्या क्षणी हक्क तुझा, नोंदणी सक्तीची नाही, आणि तो तुझ्या हयातीत आणि नंतर साठ वर्षं टिकतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशीच. कोणते हक्क, किती वर्षं, कोणत्या प्रदेशापुरते, मानधन किती, हे त्यात स्पष्ट हवं. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. "सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमचे" असं दिसलं तर पेन खाली ठेव आणि कोणातरी वकिलाला दाखव. पतसंस्थेत तू लोकांना कर्जाचे कागद वाचायला सांगतच असशील. तीच नजर इथे ठेव.

नोकरी सोडू नकोस. बाबांचं म्हणणं पैशाच्या बाबतीत बरोबर आहे, आणि ते मान्य केल्याने तुझं लेखन लहान होत नाही. मराठीत नुसत्या अद्भुतकथा आणि कॉमिक्स लिहून घर चालवणं आज फार अवघड आहे. शिवाय नोकरी सोडून मिळालेलं वर्ष तू सातव्या वहीत घालवशील, अशी मला खरी काळजी वाटते. जयंत नारळीकर पूर्ण वेळ खगोलशास्त्रज्ञ होते. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी कथा पाठवली ती आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी करून, नारायण विनायक जगताप या नावाने, म्हणजे कथा तिच्या गुणांवर जोखली जावी. पहिलं बक्षीस मिळालं. ते पुढे मराठी विज्ञानकथेचे मोठे नाव झाले, पण संशोधन त्यांनी सोडलं नाही. तुला रोजचा पाऊण तास हवा, आणि तो घरात सांगून घे, लपून नको. बाबांना आठ पानं पुरी झालेली दाखव. त्यांनी आजवर तुला लिहिताना पाहिलंय, लिहिलेलं काही पाहिलेलं नाही.

मराठी की इंग्रजी? आजीचं हूं ज्या भाषेत होतं त्या भाषेत. इंग्रजीला माझा विरोध नाही, आणि पुढे कधी तुझी कळशी इंग्रजीत गेली तर मला आनंदच होईल. पण पहिला खर्डा तिथेच लिही जिथे तुला शब्द आठवावा लागत नाही. विहिरीतल्या लोकांना मालवणी बोलू दे. वरची माणसं कशी बोलतात आणि खालची कशी, यातून तुला नकाशाशिवाय दोन मुलूख वेगळे दाखवता येतील.

प्रकाशकांच्या गप्प बसण्याचं तुला लागलंय, ते पत्रात दिसतं. दीड वर्ष काही न कळवणं ही वाईट रीत आहे आणि मी तिची बाजू घेणार नाही. एवढंच सांगते, की अपुऱ्या कादंबरीची बारा पानं बघून नवीन लेखकाला होय म्हणणं कोणाही संपादकाला कठीण जातं. पुऱ्या गोष्टीला उत्तर लवकर मिळतं. बालभारतीचं किशोर मासिक १९७१ पासून चालू आहे, त्याचे जुने अंक घरबसल्या वाचता येतात. दहा-बारा वर्षांचे अंक आधी वाच आणि मग पाठव. दिवाळी अंकांना पावसाळा सुरू होतानाच पाठवावं लागतं, गणपतीनंतर पाठवलेलं बहुधा पुढच्या वर्षावर जातं.

पैठणच्या गुणाढ्याची आख्यायिका तुला ठाऊक असेल. सातवाहनाच्या दरबारातला हा पंडित. पैज हरला म्हणून त्याने दरबारी भाषा सोडल्या, रानात जाऊन पैशाची नावाच्या प्राकृत बोलीत सात लाख श्लोकांची बृहत्कथा रचली, शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने लिहिली. राजाने ती हिणवून परत पाठवली. तेव्हा तो टेकडीवर अग्नी पेटवून बसला आणि एकेक पान मोठ्याने वाचून आगीत टाकू लागला. रानातली जनावरं चरणं सोडून भोवती येऊन ऐकत राहिली, वाळत गेली. राजाच्या ताटातलं मांस सुकं पडलं, तेव्हा त्याने चौकशी केली आणि धावत आला. तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते. उरलेल्या लाखाच्या परंपरेतून पुढे सोमदेवाचा ग्रंथ आला आणि त्यातून तो वेताळ. लोक ही गोष्ट राजाच्या पश्चात्तापासाठी सांगतात. मला मात्र त्यातली हरणं आठवतात. राजाने नाकारल्यावरही गुणाढ्याने पान आगीत टाकण्याआधी मोठ्याने वाचलं.

तुलाही मोठ्याने वाचायचंय, आणि जाळायचं काहीही नाहीये. चिपळूणमध्ये १८६४ पासूनचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर आहे. २०२१ च्या पुराने त्याचं मोठं नुकसान केलं, तरी ते उभं राहिलं. तिथे जाऊन विचार, की एखाद्या शनिवारी दुपारी मुलांना गोष्ट सांगू का. तिथे नाही जमलं तर सोसायटीच्या जिन्यात सांग, शेजारच्या शाळेत सांग. पाच मुलं आली तरी चालतील. कागद हातात घेऊ नकोस पहिल्यांदा. सांगून झाल्यावर घरी येऊन लिही, मुलांनी जे प्रश्न विचारले ते आधी लिही.

आणि तो धाकटा मामेभाऊ आता विशी ओलांडलेला असेल, कुठल्यातरी शहरात कामाला लागला असेल. चूल कशी पेटते हे विचारणारा तोच. आठ पानं झाली की त्याला फोन कर, रात्री, दोघांनीही दिवा घालवून. आधी सांग की हूं म्हणत राहा. मग वाच, आणि तो जिथे हूं म्हणायचं विसरेल, तिथे समासात पेन्सिलीने खूण कर. ती खूण केलेली प्रत मला पाठव.

तुझी,
ताई